शुगर वाढणे धोक्याचे, तशी घसरणेही धोक्याची

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ होती. आमच्या वस्तीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळाजवळच्या कट्ट्यावर एक काका बसले होते. बिगारी कामावरून नुकतेच उतरलेले. शर्ट घामाने चिंब, बोलणे अडखळत, हात थरथरत. कोणी विचारपूस केली तर अंगावर खेकसत होते. येणारेजाणारे एवढेच म्हणत, "आज जरा जास्तच झालेली दिसते." दारूच्या थेंबाला न शिवणारा हा माणूस अर्धा तास तिथे तसाच बसून होता आणि कोणी जवळ जायला तयार नव्हते.

शेवटी त्यांची सून हंडा घेऊन पाण्याला आली. सासऱ्यांकडे एक नजर टाकून तिने हंडा खाली ठेवला, शेजारच्या टपरीवरून मूठभर साखर मागितली, पेलाभर पाण्यात घोळली आणि "मामंजी, एवढं प्या" म्हणत घोटघोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत काकांचे डोळे स्थिर झाले. त्यांनी विचारले, "मी इथं कधी येऊन बसलो गं?"

सकाळी त्यांनी शुगरची गोळी घेतली होती. दुपारी स्लॅबचे काम सुरू होते म्हणून डबा तसाच राहिला होता. एवढेच कारण. सुनेने आशाताईंच्या बैठकीत शुगर लो होण्याची लक्षणे ऐकली होती, ती तिच्या लक्षात होती. ती पाण्याला उशिरा आली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही रक्तातली साखर कमी होण्याच्या विषयाला दिले आहे. घरात शुगरचा पेशंट असेल तर हे पान घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे. ज्याची शुगर उतरते त्याला त्या वेळी स्वतःचे भान नसते. ओळखायचे आणि वाचवायचे काम इतरांनाच करावे लागते.

रक्तात साखर असते तरी किती?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते फक्त चहाचा एक चमचाभर. लॅबच्या कागदावर ७० ते १०० असा जो उपाशीपोटीचा आकडा लिहिलेला असतो, त्याचा अर्थ एवढाच. या चमचाभर साखरेवर शरीराचा सगळा कारभार चालतो. ती वापरली जाते तशी मागून भरली जाते.

या साखरेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे आपला मेंदू. वजनाने तो शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा खातो. हातापायांचे स्नायू वेळ पडली तर चरबी जाळून काम भागवतात. मेंदूला ते जमत नाही आणि त्याच्याकडे साखरेचा साठाही जवळपास नसतो. म्हणून रक्तातली साखर घसरली की पहिला फटका मेंदूला बसतो.

निरोगी माणूस एक वेळ उपाशी राहिला तरी असा कोसळत नाही. जेवणानंतर यकृत साखरेचा साठा करून ठेवते, साधारण शंभर ग्रॅमचा. रात्री आपण झोपतो तेव्हा यकृत त्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. साखर खाली जाऊ लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणे कमी करते आणि ग्लुकागॉन नावाचे संप्रेरक सोडते. यकृताला तो निरोप असतो, "कोठार उघड." त्यानेही भागले नाही तर अ‍ॅड्रेनलिन धावून येते. काकांना फुटलेला घाम आणि हातांची थरथर ही त्या अ‍ॅड्रेनलिनचीच हाक होती.

शुगरच्या काही औषधांनी मात्र ही व्यवस्था अडते. रक्तातली साखर कमी झाली तरी गोळी किंवा इंजेक्शन आपले काम करतच राहते. पोटात अन्न आहे की नाही, हे औषधाला कळत नाही.

लक्षणे ओळखा

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शुगर लो झाली असे डॉक्टर मानतात. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब असते. घरात मशीन नसेल तर लक्षणांवरून ओळखावे लागते.

सुरुवातीला शरीर इशारा देते. अचानक घाम फुटतो, अंग गार पडते. हात कापतात, छातीत धडधडते, पोटात आग पडल्यासारखी भूक लागते, जीव घाबरा होतो, ओठ आणि जीभ मुंग्या आल्यासारखी होतात.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले की मेंदूची उपासमार सुरू होते. डोळ्यांपुढे अंधारी येते, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो. माणूस उगीच चिडतो, रडतो, असंबद्ध बोलतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. याच टप्प्यावर लोकांची फसगत होते. पुरुष असेल तर "प्यायलाय" म्हणतात. बाई असेल तर "अंगात आलं", "बाहेरचं आहे" म्हणून लिंबू उतरवायला धावतात. उतारे-अंगारे करण्यात गेलेली दहा मिनिटे पुढे फार महाग पडतात. यानंतरची पायरी झटके आणि बेशुद्धीची असते. बराच वेळ बेशुद्धी राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

झोपेत शुगर उतरली तर कळणे आणखी कठीण. झोपेत कपडे घामाने भिजणे, वाईट स्वप्ने पडून दचकून उठणे, सकाळी डोके जड होणे, हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट. ज्यांची शुगर वरचेवर उतरते त्यांच्या शरीराचा इशारा हळूहळू बोथट होतो. घाम नाही, थरथर नाही, माणूस थेट बेशुद्ध होतो. ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल अशा गोळ्या चालू असतील तरी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. अशा पेशंटला अवेळी घाम आला तरी सावध व्हा.

धोका कोणाला जास्त?

इन्सुलिन घेणारे पहिले. त्यानंतर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या घेणारे. या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा उतरत नाही, पण एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र केलेली असतात. आपल्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे, ते घरातल्या शाळकरी मुलाकडून एकदा वाचून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.

आपल्या वस्तीतले जगणे असे की धोका आणखी वाढतो. पहाटे झाडू मारायला जाणाऱ्या ताई गोळी घेऊन निघतात, चहा-खारीवर दुपारचे बारा वाजतात. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना चौथ्या घरापर्यंत दोन घास खायला सवड मिळत नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला काम मिळाले तर जेवण लांबते आणि नाही मिळाले तर जेवणच चुकते. त्यात अंगमेहनतीचे काम शरीरातली साखर वेगाने ओढते आणि हा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतो. डॉक्टर घाईत लिहून देतात "जेवणाआधी एक गोळी", पण जेवणाची वेळच ठरलेली नाही हे आपण त्यांना सांगत नाही. ते सांगायलाच हवे. "साहेब, माझं काम असं आहे, जेवण दोनला होतं, कधी चारला" असे सांगितले की डॉक्टर औषध किंवा त्याची वेळ बदलून देऊ शकतात. सांगण्यात कमीपणा नाही.

वय झालेल्या आजी-आजोबांची भूक कमी झालेली असते आणि मूत्रपिंडही मंदावलेले असते. औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जाते. अंगावर सूज, लघवीचा त्रास असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोळीचा जुना डोस तसाच चालू ठेवू नका. उलट्या-जुलाबाच्या दिवसात अन्न पोटात ठरत नसेल तर औषधाचे काय करायचे, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

उपाशीपोटी दारू हे तिसरे मोठे कारण. यकृत दारू निस्तरण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम थांबते. गोळी घेऊन, न जेवता प्यायलेला माणूस रात्री झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो आणि घरचे समजतात, उतरेल सकाळपर्यंत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी सिरिंजकडे नीट बघावे. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळते. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली तर अंगात अडीचपट औषध जाते. मेडिकलवाल्याने बदलून दिलेली बाटली जुनीसारखी आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा.

आता काय करायचे?

पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच पंधरा ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. म्हणजे चहाचे तीन चमचे भरून साखर पेलाभर पाण्यात घोळून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा तीन चमचे मध, किंवा अर्धा-पाऊण ग्लास साखर असलेले थंड पेय. "डाएट" लिहिलेले पेय चालत नाही. चहा उकळत बसू नका. पेढा, चॉकलेट, बिस्किटे देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. ओआरएसच्या पाकिटावरही विसंबू नका. ते जुलाबासाठी आहे, त्याच्या पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमही साखर नसते.

पंधरा मिनिटे थांबा. मशीन असेल तर तपासा. अजून ७० च्या खाली असेल किंवा बरे वाटत नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरे वाटले की भाकरी-भाजी, पोळी-वरण असे खरे जेवण द्या. नुसत्या साखरेने वर चढलेली शुगर थोड्या वेळात पुन्हा खाली येते. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनी बरे वाटल्यावरही किमान पाऊण तास गाडीला हात लावू नये.

ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध आहे त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. ही औषधे साधी साखर आतड्यात फुटू देत नाहीत, त्यामुळे साखरपाण्याचा उपयोग उशिरा होतो. त्यांच्या घरी ग्लुकोज पावडरचा डबा असलाच पाहिजे. नसेल तर मध द्यावा.

मशीन नाही, खात्री नाही, तेव्हा काय? साखर द्या. शुगर तासभर वाढली तर फारसे बिघडत नाही, पण लो शुगर तासभर तशीच राहिली तर माणूस हातचा जाऊ शकतो.

पेशंट बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, चमचा नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, मान सरळ ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, १०८ नंबरवर फोन करा. रुग्णवाहिका गल्लीत शिरत नसेल तर एकाने नाक्यावर जाऊन थांबावे. रिक्षा आधी मिळाली तर रिक्षाने न्या. दवाखान्यात पोचताच पहिले वाक्य हेच बोला, "हे शुगरचे पेशंट आहेत, ही गोळी घेतात." गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. शिरेतून ग्लुकोज दिले की बहुतेक पेशंट काही मिनिटांत डोळे उघडतात. पण गोळीमुळे शुगर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. डॉक्टर दाखल राहायला सांगत असतील तर "बरं वाटतंय" म्हणून घरी पळून येऊ नका.

लहान लेकरांचेही लक्षात ठेवा

ज्यांना शुगरचा आजार नाही अशा लेकरांचीही साखर उतरू शकते. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात लहान मुले पहाटे झटके येऊन दगावत. २०१९ साली शंभरहून अधिक मुले गेली. त्याआधी तिथे झालेल्या अभ्यासात दिसले होते की लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, यकृताची साखर बनवण्याची क्रिया रोखणारे द्रव्य असते. पण लिची तर अनेक मुले खात होती. आजारी पडण्याचा धोका जास्त होता तो रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना. कुपोषित लेकराच्या यकृतात साठाच नसतो. तिथल्या मुलांसाठी सांगितलेला मुख्य उपाय आपल्या वस्तीलाही लागू आहे. लेकरू रडून दमून झोपले तरी त्याला उठवून दोन घास भरवा. उपाशी झोपवू नका.

कमी वजनाच्या बाळाची आणि शुगर असलेल्या आईच्या बाळाची साखर जन्मानंतर लवकर उतरते. पहिल्या तासात अंगावर पाजा आणि बाळ छातीशी उबेत ठेवा. मध चाटवू नका, गुटी देऊ नका.

पौर्णिमा, उपोसथ आणि गोळी

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्यातले अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेतात. दुपारनंतर जेवायचे नाही. श्रद्धेने करणाऱ्यांना आम्ही अडवत नाही, पण इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. संध्याकाळचे औषध घ्यायचे आणि जेवण टाळायचे, ही शुगर उतरण्याची हमखास वाट आहे. विनयातही आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे म्हणून दुपारनंतर घ्यायची मुभा दिलेली आहे. साखरपाणी घेऊन जीव वाचवला म्हणून शील मोडले, असे कोणी मनात आणू नये. ज्यांना जमत नाही त्यांनी पंचशील पाळावे, दान द्यावे, वंदनेला बसावे.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जाताना तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागते. सोबत भाकरी, पाण्याची बाटली, साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. खिशात एका कागदावर नाव, घरच्यांचा फोन नंबर आणि "मला शुगर आहे, घाम येऊन गोंधळलो तर साखर द्या" एवढे लिहून ठेवा.

लपवू नका

शुगर असल्याचे अनेक जण कामावर सांगत नाहीत. मुकादम काढून टाकेल, घरमालकीण दुसरी बाई बघेल, ही भीती खरी आहे. पण सोबत काम करणाऱ्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. या आजारात लाजण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते अनेक रात्री तळमळत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो डॉक्टर असलेल्या शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी. पुढे त्यांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार माईंनी सांभाळले. एवढ्या मोठ्या माणसालाही या आजारात सोबतीची गरज होती, आपल्यालाही आहे.

दोन गैरसमज दूर करून थांबतो. पहिला, शुगर उतरण्याच्या भीतीने औषध बंद करणे. तसे केले तर डोळे, मूत्रपिंड, पाय यांची हानी होते. औषध स्वतःच्या मनाने बंद करायचे नसते, ते बदलून घ्यायचे असते. डायरीत तारीख, वेळ, काय खाल्ले होते, कोणते काम केले होते, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. दुसरा, प्रत्येक चक्कर म्हणजे शुगर लो. आपल्या बायाबापड्यांना चक्कर येते ती पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याने. शुगरची औषधे घेत नसताना असा त्रास वारंवार होत असेल तर त्रास चालू असतानाच शुगर आणि सोबत हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीस वर्षांवरील सर्वांची शुगर आणि ब्लडप्रेशरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा.

आमच्या वस्तीतले ते काका आता सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी ठेवतात. गोळीही डॉक्टरांनी बदलून दिली आहे. आणि त्या टपरीवाल्याने गल्ल्याशेजारी ग्लुकोजचा एक डबा ठेवला आहे, मागेल त्याला फुकट. असा एक डबा आपल्या गल्लीत, विहारात आणि महिला मंडळाच्या कपाटात ठेवता येईल का, याचा विचार येत्या रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून जरूर करावा.